लोणावळ्याचा उन्हाळा ज्येष्ठांना बाधतो

लोणावळा थंड हवेचे ठिकाण, म्हणून मावळातल्या ज्येष्ठांच्या वसाहतींना उन्हाळ्याची फिकीर नको, हा समज धोक्याचा आहे. लोणावळ्याची उंची जेमतेम ६२५ मीटर, महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी. एप्रिल-मेमध्ये इथेही पारा ३५ अंशांपलीकडे जातो आणि पावसाळा जवळ आला की कोकणातली दमट हवा बोरघाट चढून येते. मग घाम वाळत नाही, नुसता निथळतो. आणि तो वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही.

वयोमानाने तहानेची जाणीवही मंदावते. रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनी लघवी वाढून अंगातले पाणी आणखी घटते. या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, मात्रा डॉक्टरांनाच विचारावी. ताक, कोकम सरबत घ्यावे, पण मीठ बेतानेच.

दमट दिवसांत कूलर कुचकामी ठरतो. बंद खोलीत तर तो ओलावाच वाढवतो. त्यापेक्षा ओल्या पंच्याने अंग पुसून पंख्याखाली बसणे बरे. एकट्या राहणाऱ्यांची दुपारी शेजाऱ्यांनी चौकशी करायलाच हवी. अंग भट्टीसारखे तापले, बोलणे असंबद्ध झाले, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतत राहावे आणि लगेच १०८ला फोन करावा.