टप्पा मीटरचा की चुलीचा?

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका नातलगांचा फोन आला. (नाव लिहीत नाही, ते हे पान वाचतात!) त्यांनी बदलापुरात फ्लॅट घेऊन ठेवला आहे. वर्षातून दोनदा येतात, जाळी-धूळ काढतात, कुलूप लावून जातात. तक्रार अशी, की एक युनिटही न जाळता दरमहा सव्वाशेच्या वर स्थिर आकार भरावा लागतो. "अहो, बंद घराला कसली वीज? हा अन्याय नाही का?"

मी हूं हूं केलं. पण फोन ठेवल्यावर वाटलं, अन्याय शोधायचा तर तो त्या कुलूपबंद फ्लॅटमध्ये नाही. त्याच गावातल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये आहे. आणि त्यातल्या चार खोल्या माझ्या आहेत.

आधी थोडं जुनं सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये एका बराकीत राहत होतो. नव्या वाचकांसाठी सांगायचं तर, उल्हासनगर ही मुळात लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत आले आणि १९४९ साली गावाला हे नाव मिळालं. बराकींचे भाग पडले, भागांच्या खोल्या झाल्या, खोल्यांत आमच्यासारखे भाडेकरू आले. आमचे सेठ विजेचे पैसे 'पॉइंट'वर घेत. एका बल्बचे इतके, पंख्याचे इतके, रेडिओचे इतके. इस्त्री वापरायची नाही. शाळेत मास्तराने चुरगळलेला शर्ट घालून जाऊ नये म्हणून मी रात्री पँट-शर्ट गादीखाली ठेवून झोपत असे. मीटर सेठच्या ओटीवर होता. त्याचं बिल किती येतं हे विचारायची आमची छाती नव्हती. तेव्हा मनात म्हणायचो, आपलं घर झालं तर असं कधी करणार नाही.

पुढे अंबरनाथच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, बदलापूर गावात घर झालं, मागच्या बाजूला चार खोल्या काढल्या. चार कुटुंबं आली. चौघांना मिळून एक मीटर, माझ्या नावावर. प्रत्येक खोलीला सबमीटर. दर सरसकट बारा रुपये युनिट. पॉइंटवरून युनिटवर आलो म्हणजे मी सुधारलो, असं मला खरोखर वाटत होतं.

त्यातल्याच एका कुटुंबातली सातवीतली मुलगी माझ्याकडे गणितासाठी बसते. शेकडेवारी चालू होती. मी म्हटलं, बाळ, उद्या घरून विजेचं बिल आण, त्यावरच उदाहरणं करू. तिने आणली ती माझ्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी. ८० युनिट गुणिले १२, ९६० रुपये. शेजारी उदाहरणासाठी माझ्या राहत्या घराचं बिल ठेवलेलं होतं. तिने दोन्ही पाहिलं आणि विचारलं, "सर, तुमच्या बिलात पहिल्या शंभर युनिटांना कमी दर आहे. आमची तर शंभरसुद्धा नाहीत. मग आम्हाला बारा का?"

मंडळी, आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारले. त्या दिवशी उत्तर देता आलं नाही.

रात्री कागद घेऊन बसलो. २०२४-२५ चं महावितरणचं घरगुती दरपत्रक समोर ठेवलं. (आकडे बदलत राहतात, टप्प्यांची पद्धत तीच आहे.) पहिली १०० युनिटं ४.७१ रुपयांनी, १०१ ते ३०० पर्यंतची १०.२९ ने, ३०१ ते ५०० पर्यंतची १४.५५ ने. शिवाय दर युनिटला १.१७ वहन आकार, महिन्याचा स्थिर आकार, आणि वर १६ टक्के वीज शुल्क.

आता चार खोल्या, प्रत्येकी ८० युनिट. चौघांचे वेगळे मीटर असते तर सगळी वीज पहिल्याच टप्प्यात. एका घराचा वीज आकार ३७६ रुपये ८० पैसे, चौघांचा मिळून १,५०७ रुपये. पण मीटर एकच, म्हणून मीटरला दिसतात ३२० युनिटं. पहिल्या शंभराचे ४७१, पुढच्या दोनशेचे २,०५८, उरलेल्या वीसचे २९१. एकूण २,८२० रुपये. माणसं तीच, बल्ब तेच, वीज तेवढीच, आणि फरक तेराशे रुपयांचा! वेगळे मीटर घेतले तर तीन जादा स्थिर आकार पडतील, ते चारशेच्या आसपास. तरी महिन्याला नऊशे रुपये वाचतातच.

वहन आकार, स्थिर आकार आणि शुल्क धरून ते ३२० युनिटांचं बिल युनिटला बारा रुपयांच्या आसपास जातं. म्हणजे माझा बारा रुपये दर 'बरोबर' होता. मी एक पैसाही खाल्ला नव्हता. आणि तरीही त्या मुलीचा बाप, ज्याचं बिल सातशेच्या आसपास यायला हवं, तो ९६० भरत होता. वर्षाचे तीन हजारांवर. एवढ्यात तिची वह्या-पुस्तकं, दप्तर आणि पावसाळी बूट येतात.

माझ्या म्हणण्याचा सगळा जोर इथे आहे. पहिला स्वस्त टप्पा कशासाठी ठेवलेला आहे? थोडी वीज वापरणाऱ्या गरिबाच्या घरासाठी. पण तो टप्पा मिळतो मीटरला, चुलीला नाही. ज्याच्या नावावर मीटर त्याला सवलत, ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला एसीवाल्याचा दर.

माझा भाचा इंग्लंडला असतो. तिथे समुद्रकाठी चाकांवरची घरं असतात. नावाला चाकं, घर जागचं हलत नाही. लोक सुट्टीपुरते जाऊन राहतात आणि जागेचा मालक त्यांना वीज पुरवतो. तिथेही दरावरून भांडणं होतातच. पण २००३ पासून तिथे नियम आहे, की मालकाने स्वतः ज्या दराने वीज घेतली त्याहून जास्त दराने ती राहणाऱ्याला विकायची नाही. नियम चांगला आहे. आपल्याकडे नफा खाणारे मालक कमी नाहीत, त्यांना तो हवाच. पण तोच नियम इथे आणला तर माझ्यासारखा मालक निर्दोष सुटेल आणि भाडेकरू तिथेच राहील. आपला रोग निराळा आहे.

औषध कायद्यात नाही असंही नाही. २००३ च्या वीज कायद्याचं ४३ वं कलम म्हणतं, जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने, म्हणजे तिथे राहणाऱ्याने, अर्ज केला तर वीज द्यायची. पण राहणाऱ्याने राहतो हे दाखवायचं कसं? करारच नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे. किती मालक करतात? मी केला नव्हता.

मालकमंडळी म्हणतील, "भाडेकरूच्या नावावर बिल गेलं की तो खोलीवर हक्क सांगेल." ही भीती मीही बाळगली. पण वीजबिल म्हणजे मालकीचा कागद नव्हे. आणि हक्काची एवढीच काळजी असेल तर नोंदलेला करार मालकालाच जास्त राखतो. खरं कारण दुसरं आहे. मीटर आपल्या हातात म्हणजे बटण आपल्या हातात. भाडं थकलं की फ्यूज काढता येतो. त्याच कायद्याचं २९ वं कलम असं करायला मनाई करतं, पण अंधारात बसलेला माणूस कलम कुठे शोधणार?

माझं मागणं साधं आहे. मालकांनी करार करावा आणि दर चुलीला मीटर घ्यावा. तोवर मूळ बिल भाडेकरूंना दाखवावं. आणि वीज नियामक आयोगाने, एका मीटरवर चार कुटुंबं राहतात हे सिद्ध झालं तर, शंभराचा टप्पा चारदा मोजावा.

मी काय केलं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. चौघांशी करार केले, चार अर्ज दिले. दोन मीटर लागले. दोन अडलेत, कारण घरपट्टीचे कागद मीच वेळेवर दिले नाहीत. तोवर त्या दोघांकडून पहिल्या टप्प्याच्या हिशोबानेच घेतो, फरक माझा. मागे घेतलेल्या जादा पैशांचा हिशोब मांडतो आहे. आकडा बघून सौ. गप्प झाली, पण नको म्हणाली नाही.

पुण्याच्या नातलगांना एवढंच सांगतो. तुमच्या कुलपाआड तुमच्या नावाचा मीटर आहे, आणि पहिली शंभर युनिटं स्वस्तात घ्यायची सोय न वापरता पडून आहे. तीच सोय इथे दिवा लावून अभ्यास करणाऱ्या मुलीला नव्हती.

असो. ज्यांच्या कोणाच्या खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत, त्यांनी आज रात्री एक कागद-पेन्सिल घेऊन बसावं. गणित सातवीचंच आहे.