बंद-चालू हा उपाय नव्हे!



गडचिरोलीच्या गावांत कुणाला ताप आला, की आरोग्यसेवक त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतो. गोळीने ताप उतरेल. पण तो हिवताप आहे की नाही, हे गोळी सांगत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण हे शहाणपण विसरतो. बिनतारी कार्ड वापरताना संगणक मध्येच गोठला, की कुणीतरी म्हणतो, ‘बंद करून चालू कर!’ यंत्र सुरू होते, रोग तसाच राहतो. माझ्या मते ही सवय शाळेतच मोडायला हवी.

आता रोग समजून घेऊ. कार्डाकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. ती बहुधा संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात चालते. म्हणून तिची एक चूक सबंध यंत्र थांबवू शकते. प्रोसेसर एकच असेल, तर नाजूक कामापुरते ‘मध्ये कुणी बोलू नका’ असे त्याला बजावले, की बहुतेक वेळा भागते. प्रोसेसर दोन असले, की भागत नाही. पहिला स्मृतीच्या एका कप्प्यातून माहिती वाचत असतो आणि त्याच क्षणी दुसरा तो कप्पा मोकळा करून टाकतो. झाला घोटाळा!

एकेरी लोहमार्गावर पूर्वी चालकाच्या हाती टोकन पडल्याशिवाय गाडी पुढे जात नसे. संगणकातही असेच ‘कुलूप’ असते. १९९६ साली लिनक्स ही कार्यप्रणाली अनेक प्रोसेसरांवर चालू लागली, तेव्हा तिच्या गाभ्याला एकच मोठे कुलूप होते. त्याच्या जागी लहान लहान कुलपे बसवून ते पुरते काढायला २०११ साल उजाडले!

मग निदान कसे करायचे? पडद्यावरचा शेवटचा संदेश जसाच्या तसा उतरवून घ्या. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा दोष उष्णतेचाही असू शकेल. म्हणून सकाळी, गारव्यात तोच प्रयोग करा. मग एकच प्रोसेसर चालू ठेवून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. मात्र घाई नको. जे यंत्र दोन-तीन तासांतून एकदा गोठते, ते दहा मिनिटे नीट चालले, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

हा खटाटोप कशाला, असे विचाराल. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोक अंधारात बुडाले. तारा झाडांना टेकल्या होत्या. पण ओहायोतील नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारी आज्ञावली अशाच घोटाळ्याने तासाहून अधिक वेळ मुकी झाली होती. ती चूक शोधायला तज्ज्ञांना कित्येक आठवडे लागले. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राच्या सावलीत वाढणाऱ्या मुलांना वीज जाण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

भामरागड-सिरोंच्याला दुरुस्तीचा माणूस हाकेच्या अंतरावर नसतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस मात्र कुणासाठी थांबत नाही. म्हणून संगणकाशेजारी एक वही ठेवा. तारीख, वेळ, संदेश, काय बदलले, काय घडले, एवढे लिहा. लिनक्सची आज्ञावली सर्वांना खुली आहे. तुमची नीट नोंद वाचून दूर देशीचा कुणी ती चूक दुरुस्त करील आणि उद्या कदाचित तुम्हीच कराल!