अंगठ्याचं पुण्य

परवा दुपारी सव्वादोनला फोन आला. नंबर अनोळखी. मी मेडिकलच्या काउंटरवर, समोर चार गिऱ्हाइकं, त्यातलं एक बीपीच्या गोळ्यांची अर्धीच स्ट्रिप मागत होतं. पलीकडून आवाज: "दादा, ओ निगेटिव्हची अर्जंट गरज हाय म्हने. पेशंट कसा हाय आता?"

पेशंट मजेत आहे. पेशंटचं पोरगं यंदा पहिलीत गेलं.

झालं असं, की 2019 च्या मे महिन्यात माझी भाची बाळंतपणासाठी अकोल्याला ॲडमिट होती. रक्तस्राव थांबेना, दोन पिशव्या हव्या होत्या. घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला. अर्जंट, आजच, कृपया पुढे पाठवा, खाली माझा नंबर. तारीख लिहायची राहून गेली. रक्त त्याच संध्याकाळी जावयाच्या मित्राच्या मेहुण्यानं दिलं. मेसेजला हे कोण सांगणार? तो खामगावातून निघाला, मलकापूर, परभणी, सोलापूर करत मधे एकदा दुबईलाही जाऊन आला, आणि त्याचं 'आजच' सहा वर्षं झाली तरी मावळत नाही.

पहिल्या वर्षी मी उधारीच्या वहीत मागच्या पानावर खुणा करत होतो. दोनशेच्या वर फोन आले. त्यात स्वतः रक्त द्यायला तयार असलेले तीन. बाकीच्यांना 'कन्फर्म' करायचं होतं. आधी वाटलं, काळजी आहे बिचाऱ्यांना. मग एकानं मला झापलं. "मेसेज जुना असंल तर खाली लिहायले काय जाते तुमचं? मी आत्ताच सात ग्रुपवर टाकला न! आता माही काय इज्जत राह्यली?" तेव्हा कळलं, काळजी कुणाची होती ती.

आमच्या वऱ्हाडात अंगठ्याचा इतिहास काही बरा नाही. आज्यापणज्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठवले आणि वावरं गमावली. त्या अंगठ्यानं निदान उठवणाऱ्याचं काहीतरी जात होतं. आताचा अंगठा काचेवरून फिरतो, उठवणाऱ्याचं काही जात नाही आणि वर पुण्य जमा होतं. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ मदतीच्या आवाहनांचाच ग्रुप चालवतात. कुठल्या गावच्या कुठल्या बाळाला कोणतं ऑपरेशन हवं, सगळं त्यांना पाठ. चार महिन्यांपासून त्यांच्याकडे माझी 640 रुपये उधारी आहे. आठवण करून दिली की हात जोडलेली बाहुली येते.

मी काही धुतल्या तांदळाचा नाही. लग्नातलं अन्न उरलं तर 1098 ला फोन करा, माणसं येऊन घेऊन जातील, हा मेसेज मीही पाठवलाय, तोही भर लग्नसराईत. 1098 ही संकटातल्या मुलांसाठीची हेल्पलाइन. 1996 साली मुंबईत सुरू झालेली. मार खाणारं, पळून आलेलं, बालविवाहाला उभं केलेलं लेकरू त्या नंबरवर फोन करतं. आम्ही अन्न नेत नाही, हे त्या लोकांनी किती वेळा सांगितलं. पण सांगणं कोण पुढे पाठवतो? म्हणजे तिकडे एखादी पोर फोन लागायची वाट पाहणार आणि इकडे आमचे वऱ्हाडी उरलेल्या बट्टीचं आणि वांग्याच्या भाजीचं काय करायचं म्हणून लाइन अडवून बसणार. आणि हे सगळं चांगल्या मनानं. चांगल्या मनाइतकं नुकसान आमच्याकडे गारपिटीनंही होत नसेल.

मग मी सुधारलो, म्हणजे आधुनिक झालो. पुण्यात शिकणाऱ्या मुलानं दुकानातल्या कम्प्युटरवर इकोसिया नावाचं जर्मन सर्च इंजिन बसवून दिलं. तुम्ही शोधत राहायचं, ते झाडं लावत राहतात. 2009 पासून चालू आहे, झाडंही खरोखर लावतात. चार महिने मी गोळ्यांचे भाव, पावसाचे अंदाज, सोयाबीनचा दर, सगळं त्याच्यावरच शोधलं आणि मनात जंगल वाढवलं. नंतर कळलं, त्यांची कमाई जाहिरातींवरच्या क्लिकमधून होते. मी जन्मात एकाही जाहिरातीवर बोट ठेवलेलं नाही. म्हणजे माझ्या खात्यावर चार महिन्यांत एखादं रोपटं असलंच तर दुसऱ्याच्या क्लिकवर जगलेलं.

खरेदीतल्या दानाची तऱ्हा निराळी नाही. अ‍ॅमेझॉननं तिकडे अमेरिकेत 2013 साली स्माइल नावाची योजना काढली होती. नेहमीसारखी खरेदी करा, किमतीचा अर्धा टक्का तुम्ही सांगाल त्या संस्थेला. फेब्रुवारी 2023 मध्ये त्यांनीच ती गुंडाळली. एका संस्थेच्या वाट्याला वर्षाला सरासरी 230 डॉलरही येत नव्हते, हे कारण त्यांनीच सांगितलं. आपल्याकडे तर पुढची पायरी. बिलात दोन-तीन रुपयांचं दान आधीच टिक करून ठेवलेलं, नको असेल तर तुम्ही शोधून काढा. केंद्र सरकारनं 30 नोव्हेंबर 2023 ला फसव्या मांडणीविरुद्ध नियम काढले, त्यात गिऱ्हाइकाला न विचारता बिलात देणगी घुसवणं हा प्रकार नाव घेऊन घातलाय. दानाचा उल्लेख फसवणुकीच्या यादीत आला. धर्मराजानंही हे पाहिलं नसेल.

मधे एक ॲपही आलं होतं. तुम्ही चालायचं, किलोमीटरमागे कुठलीतरी कंपनी दहा रुपये दान देणार. मुलगा मला म्हणाला, बाबा तुम्हीही चाला. मला जळगाव जामोदकडच्या बाया आठवल्या. डोक्यावर गुंडी, कमरेवर कळशी, भर उन्हात तीन-तीन खेपा. त्यांच्या किलोमीटरला आजवर कोणतीच कंपनी स्पॉन्सर मिळाली नाही.

हा पट्टा जरा समजून घ्या. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा, आमच्या जिल्ह्यात जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारटच लागतं. मूत्रपिंडाचे आजार इथे वर्षानुवर्षं घर करून आहेत. वाण धरणाचं पाणी आणणारी 140 गावांची योजना झाली, कुठे पोचली, कुठे नळ आला आणि पाण्याची वाट पाहत बसला. एवढ्या वर्षांत या पट्ट्याकडे मोबाइलवाल्यांचं लक्ष नेमकं गेलं कधी? जानेवारी 2025 मध्ये. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा इथल्या माणसांचे केस तीन-चार दिवसांत पुंजक्यानं हातात यायला लागले तेव्हा. पाण्यामुळे, रेशनच्या गव्हातल्या सेलेनियममुळे, कशामुळे म्हणून वाद झाले, तपासण्या झाल्या. पण त्याच्या आधीच विनोद देशभर पोचले होते. डोक्यावर पदर ओढून बसलेल्या बायांचे फोटो, खाली हसून लोळणारी बाहुली, आणि त्याच्याच खाली 'प्लीज प्रे'. महिन्याभरात सगळं थंड. टक्कल व्हायरल होतं, किडनी होत नाही.

कुणी म्हणेल, असं कसं, लोक पैसेही देतात की. देतात. 2021 च्या सुरुवातीला मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी 16 कोटींच्या इंजेक्शनचे पैसे लोकांनी इंटरनेटवर उभे केले, केंद्रानं त्यावरचे कर माफ केले. ते मी नाकारत नाही, टोपी काढतो. पण त्या पेजकडे नीट बघा. वर गोड बाळ, मधे इंग्रजीतली गोष्ट, खाली हिरवी पट्टी, किती टक्के भरलं ते सांगणारी. आता तिथे संग्रामपूर तालुक्यातला पंचावन्न वर्षांचा शेतमजूर बसवून पाहा. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस. आज केलं, परवा पुन्हा, मरेपर्यंत. त्याची पट्टी भरणार कधी? त्याची गोष्ट संपत नाही, त्याचा चेहरा गोड नाही आणि त्याच्या पोराला इंग्रजीत रडता येत नाही. देणाऱ्याकडून वेबसाइटसाठी 'टिप' मागणारा चौकोन आधीच भरून ठेवलेला असतो, त्यावर तर बोलायलाच नको. म्हणजे भीक मागायलाही आता मांडणी यावी लागते, आणि ज्याला मांडणी येते त्याची परिस्थिती बहुतेक वेळा भिकेच्या थोडी वर असते.

असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. बाप डायलिसिसवर. "काका, मदतीचं पेज बनवून देता का?" म्हटलं, आधी कागद दाखव. रेशनकार्डावर बापाचं नाव एक, आधारवर दुसरं, फरक एका काना-मात्रेचा. त्यामुळे महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अडलेलं. ही योजना पूर्वी दीड लाखांची होती, आता 5 लाखांपर्यंत. डायलिसिस तिच्यात बसतं. दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस त्यासाठीच बसवलेला असतो. धर्मादाय दवाखान्यांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी फुकट आणि दहा टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, तो कायदा वेगळाच. हे त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या मोबाइलवर 31 ग्रुप होते आणि त्यातल्या निम्म्यांचं नाव सेवा, मदत किंवा माणुसकी.

नाव दुरुस्त करायचं तर ओटीपी हवा. ओटीपी जाणार जुन्या नंबरवर. जुना नंबर दोन वर्षांपूर्वी हरवलेल्या मोबाइलचा. आम्ही सेतूत तीन चकरा मारल्या, एकदा लिंक नव्हती, एकदा वीज नव्हती, तिसऱ्यांदा सगळं होतं तर बापाच्या बोटांचे ठसे उमटेनात. आयुष्यभर विळा आणि पऱ्हाटी धरलेली बोटं, रेघा राहिल्यात कुठे? ऑपरेटरनं बोटं ओल्या फडक्यानं पुसायला लावली, मग खोबरेल लावलं, सातव्यांदा हिरवा दिवा लागला. सव्वीस दिवस गेले सगळ्यात. हेही ऑनलाइनच काम होतं बरं का. फक्त स्टेटसला टाकण्यासारखं त्यात काही नव्हतं. ओटीपी आल्याचा फोटो कोण टाकतो?

माझं भांडण मोबाइलशी नाही, हे यावरून कळावं. 2018 च्या वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेच्या वेळी पाणी फाउंडेशननं शहरातल्या लोकांना जलमित्र म्हणून ऑनलाइन नाव नोंदवायला लावलं आणि 1 मे ला गावांत खणायला बोलावलं. आमच्या जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातलं सिंदखेड त्या वर्षी राज्यात दुसऱ्या नंबरात आलं. त्या दिवशी मीही मोताळ्याकडे गेलो होतो. माझ्या शेजारी एक आयटीतला पोरगा दर दहा टोपल्यांनी सेल्फी काढायचा. मी मनात नावं ठेवली. दुपारी त्याच्या तळहाताचं कातडं सुटलं तेव्हा त्यानं रुमाल गुंडाळला आणि पुन्हा घमेलं उचललं, तेव्हा मी गप्प झालो. त्याच्या क्लिकला शेवटी कुदळीचा दांडा जोडलेला होता. शेगावच्या संस्थानात हजारो सेवेकरी स्वतःच्या भाड्यानं येतात, बारीनं राबतात, झाडू मारतात, पंगती वाढतात, पगार नाही. त्या बारीसाठी वाट पाहतात. चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळला पालवे दांपत्य बेवारस मनोरुग्णांना सांभाळतं. जटा झालेलं डोकं भादरायला, आंघोळ घालायला तिथे हात लागतात. रील पाहून 'ग्रेट वर्क' लिहिणाऱ्याचा अंगठा त्या बादलीत बुडत नाही.

युनिसेफच्या स्वीडनमधल्या शाखेनं 2013 मध्ये जाहिरातच केली होती, की तुम्ही आमचं पान लाइक करा, आम्ही शून्य मुलांना पोलिओची लस देऊ. त्या जाहिरातीलाही लाइक पडले असणारच.

गेल्या महिन्यात मी एक उपाय करून पाहिला. 'रक्त 2019 मध्येच मिळालं, बाळ पहिलीत आहे, कृपया जुना मेसेज पुसा आणि हा पुढे पाठवा' असा मेसेज माझ्या सगळ्या ग्रुपवर टाकला. तारीख, वार, वेळ सगळं घालून. चाळीसेक जणांनी अंगठा दाखवला. बाळाला आशीर्वाद आले, केकही आला. पुढे कुणी पाठवला नाही, कारण त्यात कुणाचा जीव वाचत नव्हता.

आणि आठवड्याभरात नांदुऱ्याच्या एका पोराचा फोन आला. थेट अकोल्याहून, दवाखान्याच्या गेटवरून. सकाळच्या एसटीनं तिकीट काढून आला होता, ओ निगेटिव्ह, वय तेवीस. सहा वर्षांत खरोखर गेटपर्यंत पोचलेला असा मी ऐकलेला पहिलाच. माझा गळा दाटून आला. त्याला सगळं सांगितलं, माफी मागितली. म्हटलं, बाबा, आलाच आहेस तर आत रक्तपेढी आहे, तुझा ग्रुप दुर्मिळ, पिशवी 35 दिवस टिकते, कुणाच्या तरी कामी येईलच. दहा मिनिटांचं काम.

तो थोडा वेळ गप्प राहिला.

"पन पेशंट कोन हाय?"

म्हटलं, अजून माहीत नाही. कुणीतरी असेल.

"मंग राहू द्या," तो म्हणाला, "बाराची गाडी सापडते का पायतो."