टोरंटोत कचऱ्याचे तीन डबे, वसईत बुजलेलं बावखल: हिरवं जगणं टिकवायचं कुणी?

रविवारची संध्याकाळ. वसईत सहा वाजलेत, टोरंटोत सकाळचे साडेआठ. गिरीज, भुईगाव, निर्मळ, गास या पट्ट्यातल्या अनेक घरांत या वेळेला व्हिडिओ कॉल लागतो. पुढचा संवाद कुठल्याही एका घरातला नाही. पण मुलं परदेशी असलेल्या वसईकरांना तो नवा वाटणार नाही.

"आई, तुझ्या मागे धूर कसला गं?"

"पाचोळा पेटवलाय. त्यात दोन पिशव्या गेल्या असतील."

"प्लास्टिक जाळू नकोस, किती वेळा सांगू? आमच्याकडे बघ, ओला, सुका आणि उरलेला असे तीन डबे. तुझी नातसुद्धा चुकत नाही."

"तुमच्याकडे डबे न्यायला गाडीही येते रे. आणि इथे हा पाचोळा खड्ड्यापर्यंत ओढायला कोण आहे? तू होतास तेव्हा तू न्यायचास."

मुलाकडे याला उत्तर नसतं. विषय थंडी आणि गुडघेदुखीकडे वळतो.

आईचं म्हणणं नीट ऐकलं तर त्यात सगळा प्रश्न सापडतो. हिरवं जगणं चालतं ते दोन गोष्टींवर. एक तर घरात राबणारे हात हवेत, नाहीतर गावात काम करणारी व्यवस्था हवी. परदेशात व्यवस्था आहे. वसईत हात होते. ते हात परदेशी गेले आणि इथली व्यवस्था अजून पुरती उभी राहिलेली नाही. वसईचा हिरवेपणा या मधल्या फटीतून गळतो आहे.

परदेशात गेल्यावर माणूस बदलतो का?

फारसा नाही. विरार लोकलच्या खिडकीतून वेफर्सची पिशवी बाहेर टाकणारा तरुण बर्लिनमध्ये रिकामी बाटली बॅगेत जपून ठेवतो, याचं कारण संस्कारापेक्षा हिशेबात आहे.

जर्मनीत २००३ पासून एकदा वापरायच्या बाटल्या आणि कॅनवर २५ सेंट अनामत घेतली जाते. बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पैसे परत. अनामत असलेल्या या बाटल्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त परत येतात. आयर्लंडने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशीच योजना सुरू केली. लहान बाटलीला १५ सेंट, मोठीला २५. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर २०१७ पासून बाटलीमागे १० सेंट मिळतात.

कचऱ्याचंही तसंच. डबा ठरलेला, गाडीचा वार ठरलेला, चुकीचा कचरा टाकला तर डबा न उचलता तसाच दारात राहतो. शेजारी बघतात. महिन्याभरात सवय लागते.

यात कमी लेखण्यासारखं काही नाही. सोपं करून दिलं की माणसं नीट वागतात, हाच यातला धडा. पण या सवयीच्या जोरावर आईला उपदेश करण्याआधी आईच्या घरी काय होतं, ते आठवायला हवं.

वाडीत काय होतं?

वसईच्या पश्चिम पट्ट्यातली वाडी म्हणजे केळी, नारळ, पानवेल, भाजीपाला, मोगरा आणि सोनचाफा. मोरीचं पाणी अळवाला आणि केळीला. घड उतरवला की केळीचा खांब तिथेच कापून आळ्यात. शेण खड्ड्यात, खड्ड्यातलं खत झाडाला. राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी व्हायची. ती टिकवायला फ्रिज लागत नसे. दुधाची आणि सोड्याची काचेची बाटली परत द्यायची असते, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. रद्दी आणि भंगार दारावर विकलं जायचं. अनामतीची पद्धत जर्मनीहून शिकायला जावं इतकी परकी आपल्याला नव्हती.

मात्र याचं उगाच गोडवे गाऊन वर्णन करायलाही नको. हे सगळं फुकट होत नव्हतं. पहाटे फुलं खुडणं, भाजीची टोपली डोक्यावरून बाजारात आणि लोकलने मुंबईला नेणं, शेणात हात घालणं, विहिरीवर रहाट चालवणं ही घरच्या माणसांची, त्यातही बायकांची मेहनत होती. तिला भाव मिळाला नाही. म्हणूनच आईबापांनी मुलांना शिकवलं आणि आखातात, कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला जाऊ दिलं. मुलं गेली यात त्यांचा दोष नाही. पण त्यांच्यासोबत वाडीची यंत्रणाही उठून गेली, हे खरं.

बावखल म्हणजे काय, आणि ते बुजलं तर काय होतं?

बावखल म्हणजे वाडीच्या कडेला खणलेलं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि उन्हाळ्यात आसपासच्या विहिरींना आधार देतं.

समुद्राकाठच्या वाळूच्या जमिनीत याचं महत्त्व जास्त आहे. इथे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. दोन्हींच्या घनतेत फरक थोडाच असतो. त्यामुळे भूजलशास्त्रात एक ढोबळ नियम सांगतात: गोड्या पाण्याची पातळी १ मीटरने उतरली, तर खालचं खारं पाणी सुमारे ४० मीटर वर सरकू शकतं. म्हणजे वरून उपसा वाढला आणि मुरणं थांबलं की विहीर आटण्याआधी खारट होते. खारट पाण्यावर केळी आणि पानवेल जगत नाहीत.

हे वसईने एकदा अनुभवलं आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इथल्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून वाढत्या वस्तीकडे जाऊ लागलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं. पाण्याचा उपसा आणि बेसुमार बांधकाम या दोन्हींविरुद्ध शेतकरी, ख्रिस्ती आणि हिंदू, एकत्र रस्त्यावर आले. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेल्या दिब्रिटो यांचं जुलै २०२४ मध्ये निधन झालं.

त्या लढ्यात समोर कोण आहे हे दिसत होतं: टँकर, बिल्डर, नियोजनाचे नकाशे. आज बावखल बुजतं ते बऱ्याचदा आवाज न करता. गाळ काढायला माणूस नाही, पाण्यात डास होतात, म्हातारे आईवडील पडण्याची भीती. मग एके दिवशी मुलगा फोनवर म्हणतो, "भर टाकून घ्या, मी पैसे पाठवतो." दोन डंपर मातीत काम होतं.

पुढच्या पावसात ते पाणी जाणार कुठे? जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, रुळांवर पाणी भरून लोकल ठप्प झाल्या आणि नालासोपाऱ्यात लांब पल्ल्याची गाडी अडकली. त्या पुराला एकटी बावखलं जबाबदार नव्हती. पण पाणी धरून ठेवणारी प्रत्येक जागा बुजली की तेवढं पाणी कुणाच्या तरी घरात शिरतं.

टनांचा हिशेब काय सांगतो?

आता परदेशातल्या "हिरव्या" घराकडे पाहू. भारतात माणशी वर्षाला सरासरी सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो. कॅनडात हाच आकडा १४ टनांच्या आसपास आहे, ऑस्ट्रेलियात त्याच घरात, संयुक्त अरब अमिरातीत साधारण २० टन. थंडीत गॅसवर तापणारं घर किंवा उन्हाळ्यात अखंड चालणारा एसी, लांबच लांब अंतरं, घरटी दोन गाड्या, दोरीऐवजी ड्रायर. तीन डबे कितीही काटेकोर भरले तरी या आकड्यात फार फरक पडत नाही.

मुंबई ते टोरंटो अंतर एका बाजूने साधारण साडेबारा हजार किलोमीटर. इकॉनॉमीतून जाऊन-येऊन माणशी ढोबळ मानाने २ टन होतात. म्हणजे सरासरी भारतीयाचं अख्खं वर्ष एका सुट्टीत. चौघांचं कुटुंब आलं तर ८ टन.

म्हणून आईला भेटायला येऊ नये का? असा सल्ला कुणी देऊ नये, दिला तर ऐकू नये. सांगायचं इतकंच की पाचोळ्याच्या धुरावरून आईला बोल लावताना स्वतःचा आकडा डोक्यात असावा. दोन धावत्या फेऱ्यांपेक्षा एक लांब मुक्काम बरा. त्यात आईही भेटते आणि वाडीचं कामही होतं.

वाडी विकली तर परत मिळेल का?

इथे भावनेपेक्षा कायदा महत्त्वाचा, आणि तो अनेकांना उशिरा कळतो.

परकी चलन व्यवस्थापन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या नियमांनुसार अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारकाला भारतात शेतजमीन सर्वसाधारणपणे विकत घेता येत नाही. वारसाने मात्र ती मिळू शकते. अशी जमीन विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या व्यक्तीलाच विकता येते. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी मुळात शेतकरी असावं लागतं.

याचा सरळ अर्थ असा की परदेशात असताना वाडी विकली, तर दहा वर्षांनी मन बदललं तरी ती पुन्हा घेणं जवळपास अशक्य. हा दरवाजा एकाच बाजूने उघडतो.

न विकता ठेवायची, तर कागद नीट हवेत. सातबारावर आजोबांचंच नाव, वारस चार देशांत, आणि एकाच्या सहीसाठी सगळं अडलेलं, अशी स्थिती असेल तर वाडी पडीक पडते आणि पडीक वाडीवर भर टाकणं सगळ्यांत सोपं. वारस नोंद आईवडिलांच्या पश्चात लगेच करून घेणं, मुखत्यारपत्र करायचं तर ते भारतीय वकिलातीतून साक्षांकित करणं, ही कामं सुट्टीच्या यादीत मॉलच्या वर असायला हवीत.

"दुसऱ्याला कसायला दिली तर तो कूळ म्हणून बसेल" ही भीती जुनी आहे आणि निराधार नाही. त्यावर उपाय जमीन ओसाड ठेवणं हा नव्हे. वकिलाच्या सल्ल्याने लेखी करार करून गड्याला मजुरीवर ठेवता येतं. आईच्या औषधांचे पैसे जसे दर महिन्याला येतात, तशी वाडीची मजुरी, खत आणि पंपाचं बिल यायला हवं. गेलेल्या हातांच्या जागी दुसरे हात ठेवायचे तर त्यांना दाम द्यावा लागेल. पूर्वी तो दिला जात नव्हता, एवढाच फरक.

आणि व्यवस्थेचं काय?

सगळी जबाबदारी मुलांवर ढकलणंही योग्य नाही. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांवर होती. त्यानंतर शहर थांबलेलं नाही. नालासोपाऱ्याच्या चाळीत किंवा विरारच्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाकडे ना वाडी आहे, ना खताचा खड्डा. त्यांच्यासाठी व्यवस्था हाच एकमेव मार्ग आहे.

नियमांची कमतरता नाही. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करायला सांगितलं. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा रिकाम्या बाटलीमागे रुपया-दोन रुपये परत देण्याची कल्पनाही त्यात होती. ती रुजलीच नाही. बाटलीला किंमत राहिली नाही, म्हणून ती नाल्यात गेली.

महापालिकेने करण्यासारख्या तीन गोष्टी उघड आहेत. सुक्या कचऱ्याची गाडी गावठाणातल्या आतल्या गल्लीतही ठरलेल्या वारी यावी. शिल्लक बावखलांची सर्व्हे नंबरसह यादी करून ती जाहीर करावी. आणि बावखल राखणाऱ्या घराला मालमत्ता करात सूट द्यावी. कारण ते पाणी मुरवून शहराचंच काम करतं.

पण यादी होईपर्यंत आणि सूट मिळेपर्यंत पावसाळे थांबणार नाहीत. तोवर जे हातात आहे ते घरातून सुरू करावं लागेल. टोरंटोतल्या मुलाने पुढच्या रविवारी प्लास्टिकचा विषय काढायच्या आधी एक वाक्य बोलून पाहावं: "आई, मे महिन्यात येतोय, महिनाभर राहीन. बावखलाचा गाळ काढायचाय, माणसं बघून ठेव."

मग पाचोळ्याचं आईला सांगावं लागणार नाही. खड्डा कुठे होता, हे तिला अजून आठवतं.