काम कोणीं केलें?

गेल्या कांहीं वर्षांत पुणें, ठाणें, डोंबिवली, मुलुंड या बाजूंच्या जुन्या सोसायट्या पाडून त्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहूं लागल्या आहेत, आणि आमच्या वाचकांपैकीं कित्येक कुटुंबें सध्यां भाड्याच्या जागेंत राहून नव्या घराची वाट पाहत असतील. विकासकाच्या सभेंत त्यांना एक वाक्य बहुधा ऐकावयास मिळतें: "आमचें सगळें काम सॉफ्टवेअरवर चालतें, आपण निश्चिंत असावें." हें ऐकून घरांतील वडील माणसें मान डोलवितात व तरुणांचेंही समाधान होतें. या निश्चिंततेंत तथ्य किती आणि भाबडेपणा किती, याचा विचार या महिन्यांत करावा असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम इमारत बांधतो कोण तें पाहूं. फलकावर नांव एकाचें असतें. परंतु पायाची खोदाई एकाकडे, सळई कापून बांधणें दुसऱ्याकडे, सेंट्रिंग तिसऱ्याकडे, विटकाम व गिलावा चौथ्याकडे, आणि याच रीतीनें वॉटरप्रूफिंग, नळ, वायरिंग, फरशी, खिडक्या, लिफ्ट व रंग हीं कामें आणखी सातआठ जणांकडे वांटलेलीं असतात. यांस पोटकंत्राटदार म्हणतात. त्यांच्या हाताखालीं पुन्हां मुकादम असतात, आणि प्रत्यक्ष थापी धरणारा हात त्या मुकादमाच्या माणसाचा असतो. म्हणजे ज्याच्याशीं आपला करार झाला आणि ज्यानें आपली भिंत बांधली, त्या दोघांमध्यें दोनतीन पायऱ्यांचें अंतर पडतें.

यांत मुळांत गैर असें कांहीं नाहीं. आपल्या घरच्या लग्नांतही आचारी, मांडववाला, वाजंत्री, फुलवाला हे सर्व निरनिराळे असतात. परंतु तेथें एखादी काकू किंवा मामी पहांटेपासून उभी राहून कोणाच्या मागून कोणीं यावयाचें हें पाहत असते. दारांतील रांगोळी अर्धा तास मागें पडली तर चालतें, भटजी मागें पडून चालत नाहीं, हें तिला कोणी शिकवावें लागत नाहीं. हेंच तत्त्व गणिताच्या रूपानें मांडलें गेलें तें अमेरिकेंत १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत. ड्यूपॉन्ट कंपनीचे मॉर्गन वॉकर व रेमिंग्टन रँड कंपनीचे जेम्स केली यांनीं, हजारों लहान कामांपैकीं कोणतीं लांबलीं असतां सर्वच काम लांबतें, हें संगणकानें काढण्याची रीति बसविली. त्याच सुमारास, १९५८ सालीं, अमेरिकन आरमारानें पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठीं तशीच दुसरी पद्धति काढली. आज मोठ्या बांधकामांचें वेळापत्रक आंखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मुळाशीं हेंच गणित आहे.

याखेरीज आतां त्यांत पुष्कळ भर पडली आहे. कोणत्या पोटकंत्राटदारास कोणतें काम किती दरानें दिलें, नकाशाची शेवटची सुधारलेली प्रत कोणती, आज किती माणसें कामावर आलीं, कोणतें बिल कोणाच्या संमतीसाठीं थांबलें आहे, हें सर्व एकाच वहींत असतें व ती वही जागेवरच्या इंजिनियराच्या खिशांतील फोनमध्यें उघडते. नकाशाचेंच पहा. जुनी प्रत हातांत धरून गवंड्यानें भिंत घालावी आणि नव्या प्रतींत नेमकें तेथें दार असावें, हा कागदी नकाशांच्या कारभारांतील नेहमींचा घोटाळा. सर्वांस एकच शेवटची प्रत दिसूं लागली म्हणजे तो पुष्कळ टळतो.

परंतु या वहीचा मोठा उपयोग आम्हांस वाटतो तो निराळाच. स्नानगृहाचें उदाहरण घेऊं. वॉटरप्रूफिंगवाला जमिनीवर व भिंतींच्या खालच्या भागावर थर देतो. मग तेथें पाणी कोंडून एकदोन दिवस ठेवतात आणि खालच्या मजल्याचें छत कोरडें राहतें कीं नाहीं हें पाहतात. त्यानंतरच फरशीवाल्यानें यावयाचें. ही परीक्षा न होतां फरशी बसली, तर थरांतील दोष झांकला जातो व घर ताब्यांत आल्यावर खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल येते. मग चौकशी सुरू होते आणि आम्हां शिक्षकांच्या परिचयाचा एक व्याकरणाचा प्रकार दिसूं लागतो. सर्वजण कर्ता गाळून बोलतात. "परीक्षा राहून गेली." "थर पातळ पडला." "नळी दुखावली गेली." क्रियापदें भरपूर, कर्ता एकही नाहीं. मुलांस वाक्याचा अन्वय लावावयास सांगतांना आम्ही पहिला प्रश्न विचारीत असूं, "कोणीं?" चांगलें सॉफ्टवेअर तोच प्रश्न त्या त्या दिवशीं विचारतें: पाणी कोणीं भरलें, केव्हां भरलें, खालीं जाऊन छत कोणीं पाहिलें? आणि तशी व्यवस्था लावून ठेविली असेल, तर उत्तर मिळेपर्यंत फरशीचें काम सुरू करण्यास संमति देत नाहीं.

येथपर्यंत तथ्य झालें. आतां भाबडेपणाकडे वळूं. वहींत जें लिहावें तेंच ती दाखविते. शनिवारीं संध्याकाळीं खुर्चींत बसून सबंध आठवड्याच्या खुणा एकदम केल्या, किंवा एकाच स्नानगृहाचें छायाचित्र चार घरांच्या नांवावर चढविलें, तर पडद्यावर सर्व हिरवेंगार दिसेल आणि छताला ओल यावयाची ती येईलच.

शिवाय प्रत्येकाचें काम पुरें होणें आणि सर्व मिळून काम पुरें होणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बर्लिनच्या नव्या विमानतळाचें उदाहरण प्रसिद्ध आहे. सर्व काम एकाच मोठ्या कंत्राटदारास देण्याचा विचार २००७ सालीं सोडून देण्यांत आला व तें निरनिराळ्या भागांत वांटलें गेलें. पुढें ३ जून २०१२ हा उद्घाटनाचा दिवस ठरला, आणि चार आठवड्यांहूनही कमी अवधि उरला असतां, ८ मे रोजीं, तो रद्द करावा लागला. आग लागल्यास धूर बाहेर काढण्याची व्यवस्था तयार नव्हती. विमानतळ उघडला तो ३१ ऑक्टोबर २०२० रोजीं. जर्मनांपाशीं संगणक नव्हते असें कोण म्हणेल? अशा व्यवस्थेंत पंखे, दारें, वीज व धुराची वाट हीं निरनिराळ्या हातांचीं कामें एकमेकांत गुंतलेलीं असतात, आणि तीं एकत्र चालतात कीं नाहीं हें चालवूनच पाहावें लागतें.

दुसरी गोष्ट पैशाची. इंग्लंडांतील कॅरिलियन ही मोठी बांधकाम कंपनी जानेवारी २०१८ मध्यें बुडाली. तिच्यावर सुमारें ३०,००० पुरवठादार व पोटकंत्राटदार अवलंबून होते, आणि त्यांतील कित्येकांस बिलाचे पैसे १२० दिवसांनीं देण्याची तिची अट होती. लिव्हरपूलचें व बर्मिंगहॅमजवळचें अशीं दोन मोठीं रुग्णालयें अर्धवट राहिलीं. तीं अनुक्रमें २०२२ व २०२४ सालीं उघडलीं. वरच्यानें पैसा अडविला म्हणजे त्याचा भार खालपर्यंत जातो. ज्या पोटकंत्राटदाराचें बिल महिनोन्‌महिने तुंबलें आहे, तो आपला कसबी गवंडी दुसऱ्या कामावर नेतो व आपल्या घरीं शिकाऊ हात पाठवितो. त्याच्याही खालीं रोजंदारीचा मजूर आहे. कंत्राटदारानें मजुरी न दिल्यास मूळ मालकानें ती द्यावी, हें तत्त्व आपल्याकडे १९७० च्या कंत्राटी कामगारांच्या कायद्यानें घातलें व २०२० च्या नव्या संहितेंतही तें ठेविलें आहे. मजुराची हजेरी खरी लिहिली गेली तरच त्याला या तत्त्वाचा आधार मिळतो. आपल्या भिंतीचा टिकाऊपणा आणि त्याची चूल, या दोहोंचा हिशेब एकाच वहींत आहे.

मग कुटुंबांनीं करावें काय? २०१६ च्या रेरा कायद्यानें नोंदलेल्या प्रकल्पाची माहिती दर तिमाहीस प्रसिद्ध होते. ती घरांतील एकानें नेमानें वाचावी. घर विकत घेणारास ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आंत रचनेंत वा कारागिरींत दोष आढळला व त्यानें तो कळविला, तर विकासकानें ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा असें त्या कायद्यांत आहे. त्यास 'तें पोटकंत्राटदाराचें काम' म्हणून हात झटकतां येत नाहींत. सोसायटीच्या जुन्या सभासदांनीं मात्र हीच हमी आपल्या विकसन करारांत स्पष्ट लिहवून घ्यावी. त्याबरोबरच सोसायटीनें नेमलेल्या इंजिनियरास ती वही पाहण्याची मोकळीक असावी. काँक्रीट ओतण्यापूर्वीं सळई, गिलाव्यापूर्वीं नळ व वायरिंग, आणि फरशीपूर्वीं पाण्याची परीक्षा, या तीन वेळां त्यानें स्वतः जाऊन पाहावें, कारण यानंतर जें झांकलें जातें तें फोडल्यावांचून पुन्हां दिसत नाहीं. शेवटीं, नळ व तारा भिंतींतून प्रत्यक्ष कोठून गेल्या त्याचा नकाशा ताब्याच्या वेळीं मागून घ्यावा. खिळा ठोकतांना पुढच्या पिढीस त्याचा उपयोग होईल.

कित्येकांस असे प्रश्न विचारणें अवघड वाटतें. आपल्याला त्यांतलें कळत नाहीं, मोठ्या माणसांस उगाच कशाला दुखवावें, असा संकोच असतो. परंतु आयुष्यांतील सर्वांत मोठी रक्कम जेथें गुंतली आहे, तेथें "कोणीं केलें व कोणीं पाहिलें?" एवढें विचारण्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. ज्याची वही खरी आहे तो उत्तर देतांना रागावणार नाहीं. आणि जो रागावेल त्याची वही कशी असेल, याचा तर्क आमच्या सुज्ञ वाचकांस सहज करतां येईल.