परसातलं ऊन



पेण-रोह्याकडे घर बघायला चार माणसं जातात तेव्हा काय काय बघितलं जातं, ते आठवून बघा. स्टेशन किती लांब, दार कोणत्या दिशेला, नळ आहे की बोअरिंग, बँक कर्ज देईल का. परसाकडे सहसा कोणी फिरकत नाही. गेलीच तर बाई जाते, आणि तीही कपडे कुठे वाळत घालायचे ते बघायला. परसात ऊन किती वेळ टिकतं, हा प्रश्न व्यवहार पक्का होईपर्यंत कोणाच्या तोंडून निघत नाही. व्यवहार झाल्यावर मात्र त्याच परसातून मिरच्या, वांगी, वालाच्या शेंगा निघाल्या पाहिजेत, आणि ते काम न सांगता तिचं असतं.

ऊन हा काय संपादकीयाचा विषय, असं कोणी म्हणेल. पण पेणला उन्हाची किंमत माहीत नाही असं नाही. हमरापूर, जोह्याच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्ती सुकवायला ऊन लागतं. पापड लाटणाऱ्या बायकांचा सगळा दिवस उन्हाच्या मागे फिरतो. धंद्याचं ऊन सगळ्यांना दिसतं. भाजीचं दिसत नाही, कारण परसातल्या भाजीचा हिशेब कोणी लिहीत नाही. आठवड्याला बाजारातून किती कमी आणावं लागलं, कोणत्या दिवशी नुसत्या भातावर मुळ्याचा पाला आला, हे फक्त चुलीपाशी कळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. परसबागेने हा प्रश्न सुटेल असं मी म्हणत नाही; ताटात शेवटी बसणारीच्या वाट्याला काय उरतं, तो वेगळा झगडा आहे. पण ज्या घरात हिरवी भाजी दाराशी आहे, तिथे तिच्या पानात ती पडण्याची शक्यता तरी आहे.

आता थोडं कामाचं. आपल्याकडे घरं बघितली जातात ती मे महिन्यात. शाळा संपलेल्या असतात, भाड्याचे करार बदलतात. मेच्या मध्याला पेण आणि रोह्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत कुठलंही परस उन्हाने भरलेलं दिसतं. घर बघायला तो सगळ्यांत फसवा महिना. भाजीचा खरा हंगाम भातकापणीनंतर सुरू होतो, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या अखेरीला ऐन दुपारीदेखील तो क्षितिज आणि डोक्याच्या साधारण मध्यावरच असतो. तेव्हा दहा फुटी भिंतीची सावली दुपारी बाराला नऊ फूट उत्तरेकडे पडते, सकाळी-संध्याकाळी त्याहून कितीतरी लांब. शेजारी दुमजली घर दक्षिणेला असेल, तर तुमचं वाफ्यांचं परस सगळी थंडी त्याच्या सावलीत गेलं म्हणून समजा.

हे मेमध्येही ओळखता येतं. उगवतीकडे तोंड करून उभ्या राहा, उजवा हात ती दक्षिण. आता दक्षिणेकडे वळा आणि हात समोरून वर न्या, सरळ समोर आणि डोक्यावर यांच्या बरोबर मध्यावर थांबवा. हाताच्या रेषेच्या वर जे काही डोकावतं, भिंत, आंबा, टाकीचा मनोरा, ते पौषात दुपारचं ऊन अडवणार. मग डावीकडे आणि उजवीकडे थोडं खाली हात नेऊन बघा, म्हणजे सकाळ आणि तिसरा प्रहरही कळतो. वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडी यांना सहा तास तरी थेट ऊन हवं. मेथी, कोथिंबीर, माठ चार तासांवर भागवतात. जिथे ऊनच नाही तिथे न्हाणीच्या पाण्यावर अळू, हळद, आलं लावावं; आपल्या आज्यांनी तेच केलं. दक्षिणेला मोकळा प्लॉट असेल तर तिथे काय उभं राहणार आहे, ते विचारून ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून पेणकडच्या घरांच्या जाहिरातींना ऊत आला आहे, मोकळा प्लॉट फार दिवस मोकळा राहत नाही.

ज्यांना फ्लॅटच परवडतो त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: उत्तरेच्या गॅलरीत सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थेट ऊन येतच नाही, एक मिनिटही नाही. दक्षिणेची किंवा पूर्वेची गॅलरी मागा.

इथे एक गंमत आहे. वास्तुशास्त्रवाले दक्षिणमुखी घराला नाकं मुरडतात, यमाची दिशा म्हणून. पण दक्षिणमुखी घराचं पुढचं अंगण म्हणजे थंडीभर उन्हाचा हौद. तिथे वाफे का घालू नयेत? घालू देत नाहीत, कारण पुढची बाजू शोभेची. तिथे मोटरसायकल उभी राहते, पुरुषांच्या खुर्च्या पडतात. भाजी म्हणजे मागची बाजू, बाईची बाजू, मग तिथे अंधार असला तरी चालेल. जमीन पुढे-मागे सारखीच आहे. भेद आपण केला.

आणि इथेच प्रश्न उन्हापलीकडे जातो. घर कोणतं घ्यायचं हे जो ठरवतो, त्याच्या नावावर घर होतं. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी सुमारे पाचशे बायकांशी बोलून केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नावावर ना घर ना जमीन, त्यांच्यातल्या ४९ टक्के बायकांनी दीर्घकाळ मारहाण सोसली होती. घर आणि जमीन दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. तिला जायला जागा आहे हे नवऱ्यालाही माहीत असतं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घराची खरेदी फक्त बाईच्या नावे नोंदवली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. वीस लाखांच्या घरावर वीस हजार रुपये वाचतात. विहीर नसेल तर पाण्याची टाकी आणि पाइप त्यात येतील. ही सवलत पैसे वाचवायची युक्ती म्हणून नवरे सुचवतात आणि घर पुन्हा तेच निवडतात, हेही आपण ऐकतो. म्हणून सहीआधी तिने स्वतः जागेवर उभं राहून हात वर करून बघितलेलं असावं, असा आपला आग्रह हवा.

हे सगळं झालं ज्यांना निवड आहे त्यांचं. पेण, रोह्याच्या कातकरी वाड्यांत हा प्रश्नच उलटा आहे. कितीतरी वाड्या पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. झोपडीमागे भोपळ्याचा वेल चढवला तरी उद्या मालक काय म्हणेल, याची भीती. प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुल पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे द्यायचं असतं, ही चांगली गोष्ट. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या जनमन योजनेतही कातकऱ्यांसाठी घरकुलं आहेत. पण घरकुलाचं माप २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, आणि त्या मापात परस नाही. घरं रांगेत एकमेकांना चिकटून बसवली की मागच्या रांगेला पुढच्या रांगेची सावली. जी बाई दिवसभर मजुरी करून येते, वीटभट्टीवर जाते, तिच्यासाठी दाराशी चार वाफे ही हौस नाही. कामाला स्थलांतर करावं लागलं नाही, तर त्या वाफ्यांवर घरातली पोरं भाजी खातात.

तेव्हा घरकुलाची जागा आणि रांगांची आखणी ठरण्याआधी आपण मागणी करू या: रांगा पूर्व-पश्चिम असतील तर दोन रांगांत पुरेसं अंतर ठेवा, प्रत्येक घराला दक्षिणेकडून दहा बाय वीस फुटांची मोकळी पट्टी द्या, आणि ती पट्टीही उताऱ्यावर त्या बाईच्या नावे लावा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधीची महिला सभा ऐन थंडीत येते. ती पंचायतीच्या खोलीत न भरवता घरकुलाच्या जागेवर भरवा, दुपारी बारा वाजता. ग्रामसेवकालाही तिथेच बोलवा.