पांढऱ्या पायाची

आपण धम्माची दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, देव्हारा रिकामा केला. आता एका साध्या प्रश्नाचे उत्तर द्या. घरात नवी सून आली आणि त्याच महिन्यात म्हैस दगावली, तर ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द आजही कोणाच्या तोंडून निघतो की नाही? निघत असेल, तर देव गेले, पण त्यांच्यामागे दडलेले भय मात्र माजघरात बसून राहिले.

हे भय जुने आहे आणि एकट्या आपल्या देशाचे नाही. युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेन्रिक क्रेमर नावाच्या धर्मगुरूने चेटकिणी ओळखण्याविषयी ग्रंथ लिहिला. पुढील दोन शतकांत तिकडे हजारो स्त्रिया चेटकीण ठरवून मारल्या गेल्या. आपल्याकडे मनूने त्याच्या कितीतरी आधी दुसऱ्या अध्यायात सांगून ठेवले होते की, पुरुषाला बिघडविणे हा स्त्रीचा स्वभावच होय, आणि माता, भगिनी वा कन्या यांच्याजवळही एकांतात बसू नये. नवव्या अध्यायात बाप, पती व पुत्र हे तीन पहारेकरी नेमले. चोर पुरुषाच्या मनात, आणि कुलूप मात्र स्त्रीच्या दाराला! ज्याला बंदिस्त ठेवावयाचे, त्याला आधी धोकादायक ठरवावे लागते.

आपल्या मातांच्या वाट्याला हे भय दुहेरी आले. बाई म्हणून त्या मोह पाडणाऱ्या, आणि अस्पृश्य म्हणून त्यांची घागर तळे बाटविणारी. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी प्राशन केले, तेव्हा 108 घागरी व पंचगव्य यांनी ते तळे ‘शुद्ध’ करण्यात आले, हे महाड-पोलादपूरच्या वाचकांना सांगावयास नको. त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडातच मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना निराळे बोलावून सांगितले की, ज्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, ती पद्धत टाका. स्त्रियांनी ती तत्काळ टाकली. पुरुषांनी काय टाकले, याचा हिशेब अद्याप व्हावयाचा आहे.

कोणी म्हणेल, महापरिनिब्बाण सुत्तात स्त्रीकडे पाहू नये असे बुद्धाने आनंदाला सांगितलेच आहे. या आक्षेपाला बाबासाहेबांनी 1951 साली ‘महाबोधी’ नियतकालिकात सविस्तर उत्तर दिले. हा उतारा मागाहून भिक्षूंनी घुसडलेला असून तो बुद्धाच्या आचरणाशी विसंगत आहे, असे त्यांनी दाखविले. विशाखा त्यांच्या उपदेशाला येत असे, आम्रपालीचे आमंत्रण त्यांनी स्वीकारले, आणि कन्या झाली म्हणून खिन्न झालेल्या प्रसेनजिताला कन्या पुत्राहून श्रेष्ठ निघू शकते असे सांगितले. स्त्रीला भिणारा मनुष्य हे करील काय?

धम्म कारणाचा शोध घ्यावयास शिकवितो. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे डोंगर खचला आणि 80 हून अधिक माणसे मातीखाली गेली. अतिवृष्टीने डोंगराचा उतार भिजून सुटला, हे त्याचे कारण. अशा आघातानंतर मागे राहिलेल्या विधवेच्या कपाळाकडे बोट दाखविणारा मनुष्य डोंगराकडे पाहावयाचे टाळतो, आणि त्यामुळे पुढच्या पावसाळ्याची तयारीही टाळतो.

कायदा याबाबतीत आपल्यापुढे गेला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर 2013 साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने, एखादी व्यक्ती इतरांवर अरिष्ट आणते असा आरोप करून तिचे जगणे कठीण करणे हा गुन्हा ठरविला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. म्हणजे ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून सुनेला छळणारा न्यायालयातही उभा राहू शकतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 साली कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे हे विधवेचे विधी बंद करण्याचा ठराव केला. ती काही बौद्धांची ग्रामपंचायत म्हणून नव्हे!

आपल्या घरी पुढचा मंगल परिणय होईल. वधूची आई विधवा असेल, तर बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावावयास तिला प्रथम बोलावाल, की ती मागच्या भिंतीशी उभी राहील?